घोळ

बुधवारच्या बाजारात, गंगेच्या काठावर,
हरसूलहून पहिल्या एसटीने येते भिवराबाई भोये
आणि गोणपाटावर मांडते
आमच्या कॉलनीत कुणी नावानं ओळखत नाही ते सगळं:
टाकळा, कुर्डू, पाथरी, चंदनबटवा,
आणि कोपऱ्यात, ओल्या फडक्याखाली,
लालसर देठांची, जाड पानांची
घोळ.

"किती देऊ?"
सगळीच, मी म्हणते.
ती वर बघते. "घरात कार्य हाये?"
कार्य नाही. घरात मी आहे,
सहा वर्षं तिबिलिसीत डॉक्टरकी शिकून
इथली परीक्षा दोनदा नापास झालेली.
पहिल्यांदा पप्पा म्हणाले, असतं एकेकाचं नशीब.
दुसऱ्यांदा म्हणाले, काय घोळ घालून ठेवलास.

तिकडे हिला दांदुरी म्हणतात.
घरमालकीण त्सियाला, गुडघ्यांनी हैराण,
रुळांच्या कडेची खुडून आणायची एप्रनच्या ओच्यातून.
तो ओचा पाहिला आणि मला परक्या देशात हसू फुटलं.
ही आमच्याकडे बांधावर उगवते,
एवढं सांगायला तिच्या भाषेतले शब्द होते पाच,
त्यातले तीन हाडांची नावं.

आधी उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता.
मग गार पाण्यात.
मग पिळायची.
पीळ, गोगो, अजून पीळ, त्सियाला म्हणायची,
तुझं वाईट केलेल्या माणसाची मान समजून पीळ.
(तिच्या यादीत बरीच माणसं होती.
पहिला नवरा दोनदा.)
हिरवं पाणी मोरीत जातं.
मुठीत उरतो लिंबाएवढा गोळा,
एवढ्या मोठ्या जुडीचा एवढाच.
सहा वर्षांचाही...
नको. भाजीला भाजी राहू दे.

अक्रोडाचा भाव विचारून मेनरोडवरून परत आले.
आईनं डबा सरकवला: खुरासणी घे, भाजलेलीच आहे.
खलबत्त्यात लसूण, मीठ, धने, लाल मिरची,
मेथी, तिकडची निळ्या फुलांची असते, ही आपली कडू,
आणि कुंडीतल्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या.
"देवाला वाहायचं ते खायचं?"
तिकडे गरिबाघरचं केशर असतं ते, आई.
व्हिनेगर आतेभावानं दिलं. दिंडोरीकडच्या वायनरीत
तो टाक्या धुतो, आणि आंबट झालेलं
त्याच्या वाट्याला येतं.
डाळिंब सटाण्याचं.

गोळे वळले. प्रत्येकाला अंगठ्यानं खड्डा,
खड्ड्यात खुरासणीच्या तेलाचा थेंब.
परीक्षाकेंद्रावर हाच अंगठा
मशीननं तीनदा नाकारला होता.
इथे ठसा उठला, रेघांसकट.

पप्पांनी चार खाल्ले, भाकरीशी.
बोलले नाहीत.
डाळिंबाचे दाणे ताटाच्या कडेला काढून ठेवले
आणि सगळं संपल्यावर, एकेक,
हात धुवायला उठायच्या आधी
खाल्ले.

पुढच्या बुधवारी भिवराबाईला डबा नेला.
तिनं एक उचलला, वास घेतला,
शेजारच्या करटोलीवालीला अर्धा दिला.
"घोळच हाये. उगा लाडू केले तिचे."
मग गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजता मोजता,
"पाणी फेकलं का?"
हो.
"फेकाया नको होतं. पेजंत घालायचं.
त्या म्हातारीनं सांगितलं नाय?"

रात्री म्हातारीला फोटो पाठवला.
दीड तासानं उत्तर आलं, एका ओळीचं.
अजून पिळायला हवी होती.

टोपात पाणी उकळतंय.
या वेळी मोरीपाशी वाटी ठेवलीय.
परीक्षेचा फॉर्म उद्या बंद होतो,
लॅपटॉप उघडाच आहे ओट्यावर,
पडद्यावर दोन हिरवे शिंतोडे.